दोनशे तास कशाने भरायचे

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे सीपीएल, हवा असेल तर भारतात किमान २०० तासांचं उड्डाण पदरी असावं लागतं. २०० तास म्हणजे आठ दिवस आणि आठ तास. मग त्याला दीड-दोन वर्षं का लागतात, आणि चाळीस ते साठ लाख रुपये नेमके जातात कुठे? बऱ्हाणपुरात मुलीला किंवा मुलाला पायलट करायला निघालेले आईवडील पहिल्यांदा हेच विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर हवं तर ते २०० तास आतून कसे असतात, ते पाहायला हवं.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमात २०० ही नुसती बेरीज आहे. त्यातले किमान १०० तास ‘पायलट इन कमांड’ म्हणून झालेले हवेत, म्हणजे विमानाची जबाबदारी तुमची. आणि त्या शंभरातले १५ तास अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले असावे लागतात. कमांडमधलेच २० तास क्रॉस-कंट्री, म्हणजे एका विमानतळावरून दुसरीकडे जाण्याचे, आणि त्यात एक प्रवास ३०० सागरी मैलांचा, वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून केलेला. १० तास केवळ उपकरणांवर नजर ठेवून उडवण्याचे. त्यातले पाचपर्यंत सिम्युलेटरवर चालतात. ५ तास रात्रीचे, त्यात दहा उड्डाणं आणि दहा लँडिंग स्वतःच्या हाताने.

तास मोजण्याची रीतही समजून घ्यावी. विमान उड्डाणासाठी जागचं हललं की घड्याळ सुरू होतं आणि परत येऊन पूर्ण थांबलं की बंद होतं. त्यामुळे धावपट्टीकडे जाताना प्रवासी विमानासाठी दहा मिनिटं थांबावं लागलं, तर ती दहा मिनिटंही लॉगबुकात चढतात आणि बिलातही. वर्दळीच्या विमानतळावर शिकणाऱ्याचा तास हवेत कमी आणि जमिनीवर जास्त जाऊ शकतो. उलट असा विद्यार्थी एटीसीशी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकांशी, बोलायला लवकर शिकतो. रिकाम्या धावपट्टीवर तासाला जास्त लँडिंग मिळतात, पण रेडिओवर बोलायची भीती तशीच राहते.

बऱ्हाणपूरकरांना या बाबतीत भूगोल अनुकूल आहे. रेल्वेने भुसावळमार्गे जळगाव ऐंशी किलोमीटरच्या आसपास. २०२० मध्ये केंद्राने प्रशिक्षण संस्थांसाठी धोरण सैल केलं, विमानतळाची रॉयल्टी रद्द केली, आणि २०२१ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने ज्या पाच विमानतळांवर नव्या संस्थांना जागा दिली त्यांत जळगाव होतं. तापीच्याच खोऱ्यात खाली शिरपूरला एसव्हीकेएमची अकादमी आहे. धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लब शिकवतो. हा १९२८ चा क्लब, जे. आर. डी. टाटा याच क्लबात शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतात दिलेला पहिला परवाना मिळाला. उत्तरेला इंदूरमध्ये मध्य प्रदेश फ्लाइंग क्लब, सागरजवळ ढाना इथे चाइम्स, आणि पूर्वेला गोंदियात बिरसी विमानतळावर एनएफटीआय. घरापासून जवळ म्हणून संस्था निवडू नये, हे मात्र खरं. चालू स्थितीतली विमानं किती, प्रशिक्षक किती, एका विमानामागे विद्यार्थी किती, आणि गेल्या वर्षी २०० तास पूर्ण करायला प्रत्यक्षात किती महिने लागले, एवढं तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारावं. डीजीसीए २०२५ पासून संस्थांची क्रमवारीही जाहीर करू लागलं आहे, ती पाहावी. आणि संपूर्ण फी एकदम भरू नये, संस्था कितीही नावाजलेली असो. टप्प्याटप्प्याने, उडलेल्या तासांच्या मागे पैसे द्यावेत.

पैशांआधी डॉक्टर. वैद्यकीय तपासणीचा दुसरा वर्ग शिकाऊ परवान्यासाठी आणि पहिला वर्ग सीपीएलसाठी लागतो. रंग ओळखण्यातला दोष, कानाचा किंवा हृदयाचा एखादा त्रास इथे समोर येतो. घर गहाण टाकून झाल्यावर तो कळण्यात काय अर्थ? म्हणून फीचा पहिला हप्ता भरण्याआधी पहिल्या वर्गाची तपासणी करून घ्यावी, असं मी प्रत्येकाला सांगतो. कर्जाचंही तसंच. तारणाशिवाय मिळणारं शैक्षणिक कर्ज या खर्चाच्या जवळपासही पोचत नाही, आणि शेतजमीन तारण म्हणून घ्यायला अनेक बँका तयार नसतात. केळीच्या बागेवर विसंबून संस्थेत नाव घातलं आणि मधेच पैसा अडला, तर उड्डाणात खंड पडतो. खंड पडला की हात विसरतो, आणि तेच धडे पुन्हा पैसे देऊन घ्यावे लागतात.

मुलींच्या आईवडिलांसाठी एक गोष्ट. भारतात वैमानिकांमध्ये स्त्रियांचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आहे, जगाच्या सरासरीच्या सुमारे तिप्पट. कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सचं फोकर फ्रेंडशिप विमान कोलकात्याहून सिलचरला नेलं तेव्हा त्यांची सहवैमानिकही स्त्री होती. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे सांगायला हरकत नाही.

आता प्रत्यक्ष तास. पहिले पंधरा-वीस तास प्रशिक्षकाबरोबर जातात: सरळ आणि समतल उडवणं, वळणं, चढ-उतार, वेग कमी करत पंखाची उचल संपेपर्यंत नेणं आणि तिथून विमान सावरणं. मग सर्किट. धावपट्टीवरून उडायचं, साधारण हजार फुटांवर चौकोनी फेरी मारायची, उतरायचं, चाकं टेकताच पुन्हा उडायचं. एका फेरीला सहा-सात मिनिटं. एका सकाळी आठ-दहा लँडिंग होतात आणि त्यातलं एखादंच मनासारखं होतं. मग एके दिवशी प्रशिक्षक स्वतःचा पट्टा सोडून खाली उतरतात आणि ‘एक फेरी मारून ये’ म्हणतात. ती पहिली सोलो. त्या दहा मिनिटांपासून कमांडचे तास मोजायला सुरुवात होते.

याच काळात शिकवला जाणारा एक धडा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो: इंजिन बंद पडल्यावर उतरायची जागा शोधणं. प्रशिक्षक अचानक थ्रॉटल मागे ओढतात आणि विचारतात, ‘आता कुठे?’ तापीच्या खोऱ्यात याचं उत्तर ऋतूप्रमाणे बदलतं. वरून सगळ्यांत मऊ, सपाट हिरवं दिसतं ते केळीचं शेत. पण ती झाडं माणसापेक्षा उंच असतात, तिथे विमान टेकणार नाही, घुसेल. मार्च-एप्रिलमध्ये गहू-हरभरा काढलेलं रिकामं रान चांगलं. पावसाळ्यात तीच काळी जमीन चाक धरून ठेवते आणि विमान नाकावर उलटू शकतं. शिवाय शेताच्या कडेने जाणाऱ्या विजेच्या तारा वरून दिसत नाहीत. खांबांची रांग दिसते, तिच्यावरून तारा ओळखायच्या. बऱ्हाणपूर-रावेरकडच्या मुलाला ही पिकं लहानपणापासून ओळखीची असतात. महागड्या शहरातून आलेल्या मुलापुढे तो इथे दोन पावलं असतो, आणि त्याने ते जाणून असावं.

उन्हाळ्याचं गणितही इथेच पक्कं होतं. प्रमाण हवेत समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस धरतात आणि दर हजार फुटांना सुमारे २ अंश कमी. जळगावच्या परिसराची उंची ८०० फूट धरली तर तिथे साधारण १३ अंश असायला हवेत. मे महिन्यात दुपारी पारा ४४ वर असतो. म्हणजे ३१ अंश जास्त. दर अंशामागे सुमारे १२० फूट धरायचे. ३१ गुणिले १२० म्हणजे ३,७२०, त्यात मूळचे ८००. विमानाच्या दृष्टीने ती हवा साडेचार हजार फुटांवरची झाली. खानदेशातली धावपट्टी दुपारी बारा वाजता महाबळेश्वरच्या पठारावर नेऊन ठेवावी, तसं. विरळ हवेत इंजिनाला ताकद कमी मिळते, पंख्याची ओढ कमी होते, आणि पंखाला तेवढीच उचल मिळवायला जमिनीवर जास्त वेगाने धावावं लागतं. धावपट्टीची लांबी जास्त खर्च होते आणि चढण मंदावते. टाकी भरलेली आणि दोन धिप्पाड माणसं बसलेली असतील तर तक्त्यात आकडे पाहिल्याशिवाय निघूच नये. म्हणूनच इथली उन्हाळी उड्डाणं पहाटे असतात. दहानंतर तापलेल्या जमिनीवरून उठणारे झोत लहान विमानाला सतत हलवतात, आणि नवख्याचा तो तास शिकण्यापेक्षा सावरण्यात जातो.

पण २०० तासांचा खरा कस लागतो क्रॉस-कंट्रीत. ३०० सागरी मैल म्हणजे ५५५ किलोमीटर. उदाहरण घेऊ: जळगाव ते इंदूर सुमारे १०५ सागरी मैल, इंदूर ते छत्रपती संभाजीनगर सुमारे १७३, तिथून परत जळगाव ७०. बेरीज ३५० च्या आसपास. दोन ठिकाणी उतरणं झालं, नियम पुरा झाला. शंभर नॉट वेगाच्या विमानाला हवेतच साडेतीन तास.

तयारी आदल्या संध्याकाळी सुरू होते. नकाशावर रेघ ओढायची, कोन मोजायचा, चुंबकीय फरक लावायचा. वेगवेगळ्या उंचीवरचा वारा हवामान खात्याकडून घ्यायचा आणि वाऱ्याचा त्रिकोण सोडवून नाक किती अंश वळवून ठेवायचं ते काढायचं. मग इंधन: जाण्याचं, उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि त्यावर राखीव. फ्लाइट प्लॅन दाखल करायचा. एडीसी, म्हणजे हवाई संरक्षणाची परवानगी, आणि एफआयसीचा, म्हणजे उड्डाण माहिती केंद्राचा, क्रमांक मिळाल्याशिवाय निघायचं नाही. हे सगळं ॲप दोन मिनिटांत करून देतं, तरी पहिले दहा प्रवास हाताने करावेत असं माझं ठाम मत आहे. ॲप बंद पडल्यावर हातच कामाला येतो.

जळगावहून उत्तरेला निघालं की थोड्याच वेळात यावलच्या आसपास तापीचं सपाट खोरं संपून सातपुडा उभा राहतो. मघाचा ‘आता कुठे?’ हा प्रश्न इथे अवघड होतो, कारण खाली रिकामं रान नाही, जंगल आणि दऱ्या आहेत. १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरच्या अकादमीचं प्रशिक्षण विमान याच रांगेत, चोपडा तालुक्यात वर्डीजवळ कोसळलं. प्रशिक्षक जागीच गेले. जखमी विद्यार्थिनीला तिथल्या आदिवासी गावकऱ्यांनी साडीच्या झोळीतून डोंगराखाली आणलं. या भागात उडणाऱ्या प्रत्येकाने ही घटना माहीत करून घ्यावी, आणि सातपुडा ओलांडताना उंची हातात राखून ठेवावी.

रांग पार झाली की डावीकडे पाच-सहा मैलांवर खरगोन दिसायला हवं. ते पंखाखालीच आलं तर तुम्ही पश्चिमेला सरकला आहात. किती अंश, ते काढायला एक सोपा नियम आहे: ६० मैल गेल्यावर एक मैल चूक म्हणजे एक अंश. खरगोन जवळपास ५० मैलांवर. तिथे पाच मैल सरकला असाल तर चूक सहा अंशांची. तेवढं दुरुस्त केलं की रेघेला समांतर होता, आणि रेघेवर परत यायला आणखी थोडं वळावं लागतं. पुढे नर्मदा, महेश्वर-मंडलेश्वरच्या पूर्वेला. त्यानंतर माळव्याच्या पठाराचा कडा, रेघेजवळ महू, आणि मग इंदूर. इथे प्रवासी जेट विमानांच्या मधे तुम्हाला जागा मिळते. एटीसी वेग वाढवायला सांगेल, फेरी मारून थांबायला सांगेल, मोठ्या विमानामागे अंतर ठेवायला सांगेल, कारण त्याच्या पंखांमागचे भोवरे लहान विमान उलटवू शकतात. इंदूरची धावपट्टी जळगावपेक्षा हजार फूट उंच आहे. तिथून परत उडतानाचं गणित नव्याने करायचं.

असा एक प्रवास केलेला मुलगा वेगळाच होऊन परततो. म्हणून सांगतो, कमांडचे शंभर तास भरताना त्याच गावावर, त्याच सरावक्षेत्रात चकरा मारून आकडा वाढवू नका. पैसे तेवढेच लागतात. एका सहलीत आडव्या वाऱ्यातली लँडिंग, दुसरीत अनोळखी विमानतळ, तिसरीत फक्त नकाशा आणि घड्याळ, असं ठरवून निघावं. विमानाला तासाला तीस-पस्तीस लिटर पेट्रोल लागतं, तेही पंपावरचं नाही, ॲव्हगॅस. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीत ते बनवायला घेतलं, तोवर ते परदेशातून यायचं. एवढं महाग इंधन जाळून मागच्याच तासाची नक्कल करणं मला पटत नाही.

उपकरणांवरच्या तासांत डोळ्यांवर हूड चढवतात, बाहेरचं काही दिसू नये म्हणून. शरीर खोटं सांगतं आणि काटे खरं सांगतात, हे तिथे अंगवळणी पडतं. रात्रीची उड्डाणं बहुतेक विमानतळाच्या परिसरातच होतात, कारण सूर्यास्तानंतर नजरेच्या नियमांवर लांब जायला आपल्याकडे मुभा नाही.

लॉगबुक त्याच संध्याकाळी भरावं. तारीख, विमानाचं नोंदणीचिन्ह, कुठून कुठे, वेळ, ड्युअल की सोलो, दिवस की रात्र. पुढे डीजीसीए आणि कंपनी दोघेही ते विमानाच्या नोंदींशी ताडून पाहतात. २०११ मध्ये देशात खोट्या गुणपत्रिका आणि न उडलेले तास उघडकीस आले, अटका झाल्या, परवाने गेले. कोणी ‘तास लिहून देतो’ म्हणालं तर तिथून उठून यावं. न उडलेला तास एखाद्या वादळी रात्री दोनशे माणसांच्या जिवावर निघतो.

२०० झाल्यावर पुढे काय, याचं उत्तर देशागणिक वेगळं आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, ५० जण गेले. त्यानंतर २०१३ पासून तिथे सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे १,५०० तास लागतात. म्हणून तिथली मुलं आधी काही वर्षं इतरांना शिकवतात. भारतात सीपीएल, बहुइंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग असलेला २०० तासांचा उमेदवार एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ चं टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट विमानाची पात्रता, घेऊन थेट सहवैमानिक होऊ शकतो. त्या रेटिंगचा खर्च वेगळा, वीस लाखांच्या आसपास किंवा अधिक. १,५०० तास आणि वयाची २१ वर्षं लागतात ती एटीपीएलसाठी, म्हणजे पुढे कॅप्टन होण्यासाठी. परदेशात शिकून आलेल्यांना इथे हवाई नियमांचा पेपर आणि नेव्हिगेशन-हवामानाचा एकत्रित पेपर देऊन परवाना बदलून घ्यावा लागतो.

२०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, त्यामुळे जागा निघणार हे खरं. पण विमानं वर्षानुवर्षं थोडी थोडी येतात, आणि २०० तासांचे उमेदवार कमी नाहीत. वाट पाहण्याच्या काळात सहायक प्रशिक्षकाचं रेटिंग, एएफआयआर, हा मला सगळ्यांत चांगला मार्ग वाटतो. शिकवताना तास कमांडचे मिळतात, थोडं मानधन मिळतं, आणि विद्यार्थ्याची चूक दोन सेकंद आधी ओळखायची सवय लागते.

वेळापत्रक असं आखावं. बारावी भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन झाली की लगेच वैद्यकीय तपासणी आणि डीजीसीएचा संगणक क्रमांक. जून ते सप्टेंबर खानदेशात ढग खाली असतात, उड्डाणाचे बरेच दिवस बुडतात. तेव्हा नेव्हिगेशन, हवामान, नियम आणि तांत्रिक विषयांचे पेपर द्यावेत. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात. रेडिओची परीक्षाही त्यातच उरकावी. पेपर हातात असतील तर ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत, हवा निवळ असताना, तास भराभर होतात. पेपर मागे राहिले तर २०० तास होऊनही परवाना अडतो, सहा महिन्यांची मुदत उलटते आणि ते १५ तास पुन्हा उडावे लागतात. परवान्यानंतरही पहिल्या वर्गाची तपासणी आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग दर वर्षी नवं करावं लागतं. नोकरी लागेपर्यंतच्या या खर्चाचे तीन-चार लाख घरच्यांनी पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवावेत.